खऱ्या कोकिळाबाईंना घेऊन या

४ नोव्हेंबर १९६८, सोमवार

"खऱ्या कोकिळाबाईंना घेऊन या!" — हे मला म्हणाला तो! मला! बँकेतला हिंमतराव क्लार्क. पानानं तोंड लाल, कानाला पेन्सिल. काउंटरवर उभे असलेले कापसाचे अडते सगळे हसले. मुडदा बशिवला त्याचा!

मी कोकिळा नाही तर कोण आहे? खामगावची, मॅट्रिक पास, वडनेर भोलजीच्या पाचपोरांची धाकटी सून, रंगराव पाचपोरांची लग्नाची बायको. अख्ख्या गावानं अक्षता टाकल्या. आणि मलकापूरच्या बँकेला मी कोणीच नाही!

दिवाळीत ह्यांचं पत्र आलं. चार वर्षांनी एकदाचं लिहिलं — ये. तिकडची परवानगी झाली, आता विमानाचं तिकीट. मुंबईच्या एजंटाला वीस डिसेंबरच्या आत पैसे द्यायचे. नाही दिले तर जागा गेली, आणि तिकडचे कायदे रोज बदलतात, पुढच्या वर्षी बायका येऊ देतील की नाही याचा भरवसा नाही. 'आता नाही तर मग कधी ते सांगता येत नाही' असं लिहिलंय. मग खाली थाटात — 'मलकापूरचं आपलं खातं दोघांच्या नावानं आहे. दोघांपैकी कोणाचीही एक सही पुरे. तू काढ आणि एजंटाला पोचव.' ह्यांच्या वाटणीच्या शेताचा कापसाचा पैसा भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, दरवर्षी तिथं भरतात. आजवर नुसता भरणाच. काढायला आज पहिल्यांदा गेले.

चिठ्ठीवर सही केली. हिंमतरावानं खणातून कार्ड काढलं. कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कार्डाकडे. 'पुन्हा करा.' केली. 'आणखी एकदा.' केली! मग आतून मॅनेजर आले, पुण्याकडचे आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, 'बाई, आमच्याकडची सही वेगळ्याच हाताची आहे.' मी म्हटलं, दाखवा. म्हणे दाखवता येत नाही, नियम आहे.

तेव्हा हिंमतराव बोलला. 'साहेब, मी सोता गेलतो यांच्या घरी कार्ड घेऊन. रंगराव दुसऱ्या दिवशी विलायतेले निघनार होते. चहा पेलो मी तिथं. कोकिळाबाई उंच हायेत, सावळ्या, हनुवटीवर गोंदन. ह्या त्या नाहीत!'

एस.टी.त बसले. वडनेरचा फाटा आला तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. हनुवटीवर गोंदण! आमच्या घरात ते एकीलाच आहे.

५ नोव्हेंबर

वच्छलाबाई! माझी मोठी जाऊ! मेलीनं माझ्या नावानं सही केली!

अंगणातल्या भिंतीवरून ओरडून विचारावंसं वाटलं, पण पोळ्यापासून आमचं बोलणं बंद आहे, आणि आधी बोलले तर माझी हार. सासूबाई गेल्या, वाटण्या झाल्या, अंगणात छातीएवढी भिंत आली. तोवर ठीक होतं. मग ग्रामसेविकेनं महिला मंडळ काढलं. वहीत सगळ्या बायांच्या सह्या. वच्छलाबाईनं पेन हातात घेतलं, टोक कागदाला टेकवलं, जरा वेळ तशीच थांबली, पेन खाली ठेवलं आणि अंगठा पुढे केला. मी हसले. 'अंगठेबहाद्दर!' म्हणाले. बोलले तर बोलले. खरं तेच बोलले.

तर पोळ्याच्या दिवशी विहिरीवर साऱ्या बायांसमोर ही काय म्हणाली — 'नवऱ्यानं टाकेल बाई! तिकडे मडमीनं बांधून ठेवला असन त्याले.' बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझी घागर तिथंच राहिली. ते मी मेले तरी विसरणार नाही.

पण हिला तर अ काढता येत नाही. मग माझी सही केली कशी?

६ नोव्हेंबर

भासऱ्यांना विचारायचं ठरवलं. पण विचारणार कसं? मोठ्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नाही. पदर ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. घर वाटलं, भांडी वाटली, रीत काही वाटून गेली नाही.

गोठा अजून सामाईक आहे. सकाळी माणिकराव भासरे धार काढत बसले होते. मी जाऊन म्हशीला म्हटलं, 'म्हशी, बँकेत माझ्या नावानं सही कोणी केली ते सांग. नाही तर मी पाटलांकडे जाते.'

भासऱ्यांनी मान वर केली नाही. तेही म्हशीलाच म्हणाले, 'म्हशी, तिले सांग, बोंबलू नको. रंग्यानंच करवून घेतली.'

'म्हशी, मी घरात असताना दुसरीची सही काऊन?'

'म्हशी, तिले सांग, ते तवा बाहेरची बसेल होती. बँकेचा मानूस दारात, रंग्याची गाडी सकाळी. माय म्हने लक्ष्मीचे कागद हायेत, विटाळ नको. मंग रंग्यानं आमच्या घरच्या बाईले पाटीवर बसवलं. दुपारभर गिरवून घेतलं. तवा एकच घर होतं. हात कोनाचा, काय फरक पडते!'

म्हैस शेपटी मारत होती माझ्या तोंडावर. सगळ्यांना मीच सापडते.

७ नोव्हेंबर

आठवलं सगळं.

मागच्या सपरीत घोंगडीवर बसवलं होतं मला. माझ्या नवऱ्याचा घरातला शेवटचा दिवस, आणि मी चार हात लांब. कपबशा वाजल्या, कोणीतरी परका माणूस हसला, सासूबाई म्हणाल्या, 'हळू, सांडसान.' मला वाटलं पाव्हणे आहेत. तो हिंमतराव होता! पाच पावलांवर माझ्या नावाची सही चालली होती आणि मी तिकडे शेंगा फोडत होते!

सासूबाई गेल्या, त्यांना काय बोलू? पण हे? हे शिकलेले ना? नागपूरला डिप्लोमा केला, विलायतेत कारखान्यात साहेबाच्या बरोबरीनं काम करतात म्हणे. आणि विटाळाला घाबरले! बरं, घाबरले तर घाबरले, सांगायचं तरी! चार वर्षं प्रत्येक पत्रात 'खातं तुझ्या नावावर आहे' म्हणून मिरवलं. माझ्या नावावर! नाव माझं, हात दुसरीचा, तोंडही दुसरीचं. मी कुठाय त्यात?

शाळेत बाई सांगायच्या, रोजनिशीत भाषा शुद्ध ठेवावी. जळो ती शुद्ध भाषा. मले असा राग येऊन राह्यला का हे घर पेटवून द्यावं!

ह्यांना पत्र लिहिलं. जे तोंडात आलं ते लिहिलं. पोस्टात टाकलं तेव्हा जरा बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

पुन्हा बँक. मॅट्रिकचा दाखला घेऊन गेले. मॅनेजरांनी चष्मा लावला. 'यात कोकिळा तुकाराम वानखडे आहे. पाचपोर कुठे आहे?' माहेरचं नाव आहे साहेब, लग्नाआधीचं! म्हणे, असेल. पण खात्यात सही जुळली पाहिजे.

वाटलं, सरळ खरं सांगावं. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, 'हे बघा, कार्डावर कोणी तोतयानं सही केली असेल तर मला खातं गोठवावं लागेल. वर कळवावं लागेल. पोलीसही येतील. खातेदार परदेशात, म्हणजे तर फारच भानगड. तुमचं तसं म्हणणं आहे का?'

मी तोंड मिटलं. खातं गोठलं की तिकीट गेलं.

'नवऱ्याकडून पत्र आणवा,' म्हणाले. निघताना हिंमतराव — 'कोकिळाबाईले आमचा नमस्कार सांगा!'

१५ नोव्हेंबर

हिंमतरावाच्या पानात चुना जास्त पडो.

२७ नोव्हेंबर

ह्यांचं पत्र. इतकं थंड की हातात धरवेना! माझ्या रागाला एक ओळ — 'तू उगाच मनाला लावून घेतेस.' पुढे — 'वेळ कमी होता, आईनं ऐकलं नसतं. बँकेलाही मी वेगळं पत्र टाकलं आहे. तोवर वहिनीला घेऊन जा. एक सही करायची, त्यात काय मोठंसं?'

काय मोठंसं! आम्ही दोघी बोलत नाही हे ह्यांना मी कधी कळवलंच नाही. काय कळवणार — तुमची वहिनी मला टाकलेली म्हणते म्हणून?

आणि बँकेला टाकलेल्या पत्राचं काय झालं? दुपारी मलकापूरला जाऊन आले. ह्यांनी खाली इंग्रजीत सही ठोकली आहे, लांब शेपटीची. कार्डावर इथून जाताना केलेली मराठी सही आहे. 'रंगरावांचीही सही जुळत नाही,' मॅनेजर म्हणाले. 'तिकडच्या हायकमिशनचा शिक्का मारून पुन्हा पाठवायला सांगा.' म्हणजे आमचा खरा रंगराव पण हरवला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!

ह्यांना लगेच तसं लिहिलं, पण शिक्का मारून पत्र कधी येणार? वीस तारीख त्याच्यासाठी थांबणार आहे का?

२८ नोव्हेंबर

गेले भिंतीपाशी. वच्छलाबाई ज्वारी पाखडत होती. मनात म्हटलं, कोकिळे, गीळ.

'जाऊबाई, बँकेत यायचं आहे. एक सही पाहिजे.'

सूप थांबलं नाही. 'कोन बोलते व? आवाज त वळखीचा वाटते.'

'मी आहे. कोकिळा.'

'कोकिळा? बँकवाले त म्हनते कोकिळा मी हाये!'

म्हणजे भासऱ्यांनी घरात सगळं सांगितलं. म्हशीनं थोडंच सांगितलं असणार.

'थट्टा नको. मला तिकिटाचे पैसे काढायचे आहेत. वीस तारखेच्या आत.'

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. उभी राहिली. मला छातीएवढी भिंत तिच्या पोटाशीच येते. 'अंगठेबहाद्दराले सही मांगून राह्यली? मॅट्रिक पास बाई? जाय, तुह्या मॅट्रिकले घेऊन जाय बँकेत!'

'चोर तो चोर वर शिरजोर!' मी ओरडले. 'माझ्या नावाची सही करताना कुठं गेलतं शहाणपण?'

'मी चोर? मी व? तुह्या नवऱ्यानं हात जोडले मले! वयनी, एवढं नड भागव म्हने. माह्या पोट्ट्याइले जेवाले वाढाचं सोडून मी पाटी घेऊन बसली. अन् आता मले चोर म्हनते! नाही करत जाय!'

दारं आपटली. तिनं तिचं, मी माझं. गल्लीतल्या बायांची करमणूक झाली.

१ डिसेंबर

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिचा नाही, आणि माझाही नाही.

५ डिसेंबर

एक युक्ती केली. आता लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

म्हटलं, अडाणी हात कसा असेल? मोठी मोठी अक्षरं, वाकडी, काना खाली गेलेला. कॅलेंडरच्या पाठीवर बसून माझंच नाव मी घाणेरडं लिहायला शिकले! मॅट्रिकला शुद्धलेखनात पहिली आले होते मी. कोकिळेचा 'ळ' पडका काढला, पाचपोरचा 'प' फुगवला. स्वतःच्या सहीची नक्कल करायला बसलेली बाई कोणी बघितली आहे का?

बँकेत गेले. सही केली. हिंमतरावानं कार्ड काढलं, बारकाईनं पाहिलं, आणि म्हणाला, 'आज थोडं जवळ आलं, बाई!'

मॅनेजर मात्र हसले नाहीत. 'ही चौथी खेप. पुन्हा असा प्रयत्न केलात तर मी फौजदारांना बोलावीन.'

आता एकच हात उरला, आणि तो भिंतीपलीकडे आहे.

९ डिसेंबर, सोमवार

अडला हरी गाढवाचे पाय धरी. पाय मात्र मी धरले नाहीत.

भिंतीवरून नाही, दारातून गेले. पोळ्यानंतर पहिल्यांदा. वच्छलाबाई चुलीपुढे होती. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

'काय हाये?'

'मला जायचं आहे,' म्हटलं. 'चार वर्षं झाली. त्यांचं तोंड कसं दिसतं ते फोटो काढून बघावं लागतं. आता नाही गेले तर जाणं होणार नाही. एवढंच सांगायला आले.'

'अंगठेबहाद्दर कोन म्हणलं मले? बायाइसमोर?'

'मी म्हटलं. आणि टाकलेली कोण म्हणालं मला? विहिरीवर?'

'हाव! म्हणलं मी! आनखी म्हनीन!'

'म्हणा ना. मी इथंच राहिले की रोज म्हणता येईल. मरेपर्यंत म्हणा. खरंच होईल ते मग.'

रडू नको असं बजावून आले होते, पण आवाज फुटला. रागानं फुटला, दुसरं काही नाही. दूध वर आलं होतं, तिनं फडक्यानं भांडं उतरवलं.

'चार वर्षं झाले त्या गोष्टीले,' ती म्हणाली. 'मले का ध्यानात असन ते? जाय तू आता.'

म्हणजे नाही. आले परत. पेटी उघडून ह्यांनी पाठवलेला लोकरीचा कोट बघितला आणि पुन्हा तळाशी टाकला. कसरीला खायला होईल.

१० डिसेंबर

आज जे झालं ते आधी लिहिते, मग जेवते. जेवण जाणार नाही तसंही.

सकाळी अंगण झाडत होते. भिंतीपलीकडून आवाज, 'एस.टी. सुटली त दुसरी दुपारीच हाये. येऊन राह्यली का नाही?' बघते तर वच्छलाबाई! दंडाला वाक्या, लग्नाकार्याचं हिरवं लुगडं, नाकात नथ! बँकेत निघाली की वरमाय म्हणून?

एस.टी.त बसलो. मी एका बाकावर, ती दुसऱ्या.

बँकेत पाय ठेवला आणि हिंमतराव उठून उभा राहिला! 'या या या, कोकिळाबाई! किती वर्सांनी! चहा मागवू?' तिला खुर्ची. मी उभी. तिनं नथ सावरली आणि बसली. मेली बसली कशी, एखाद्या पाटलिणीसारखी!

चिठ्ठी मी घरूनच भरून आणली होती. पेन दिलं. विसरली असेल तर? एक काना चुकला तर? तिनं पदर खोचला, वाकली, आणि सरसर लिहिलं. कुठं अडली नाही. थांबली नाही. हिंमतरावानं कार्डाशेजारी चिठ्ठी धरली. 'जशीच्या तशी, साहेब!'

मॅनेजर माझ्याकडे वळले. 'मग या कोण?'

वच्छलाबाई शांतपणे म्हणाली, 'जाऊ हाये माही. वच्छला. माह्या पैशावर डोळा होता तिचा.'

आई गं! सगळी बँक माझ्याकडे बघायला लागली. ते अडते, तो शिपाई, सगळे. तोंड उघडलं तर तिकीट गेलं. नाही उघडलं तर इज्जत गेली. मी नाही उघडलं.

'फौजदारीच करायला हवी,' मॅनेजर म्हणाले.

'जाऊ द्या साहेब. आपलेच दात, आपलेच ओठ.' वा! उपकार!

'मग लिहून द्या, पुन्हा असं करणार नाही म्हणून.' कागद तयार झाला. मी, वच्छला माणिकराव पाचपोर, वगैरे. माझ्यापुढे पेन केलं. मी हात पुढे केला, तर ती म्हणते, 'तिले लिहिता येत नाही साहेब. अंगठा घ्या.'

'अहो, या तर येऊन येऊन सह्या करून गेल्या!' हिंमतराव.

'तेवढं एकच नाव गिरवून आलती ते. दुसरं अक्षर येत नाही तिले.'

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. 'खरं का हो?'

मी मान हलवली. मॅट्रिक पास, शुद्धलेखनात पहिली, मी मान हलवली. हिंमतरावानं माझा अंगठा धरून शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर उठवला. वर म्हणतो, 'शिकावं बाई थोडं. आता प्रौढ शिक्षनाचे वर्ग निघाले हायेत.'

एस.टी. स्टँडवर आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. पैशाचं पुडकं माझ्या मांडीवर टाकलं. 'घे. तुह्यं.' आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ओठ दाबून हसत होती. दिसलं मला.

११ डिसेंबर

अंगठ्याची शाई राखेनं घासली, चिंचेनं घासली. निघत नाही.

१२ डिसेंबर

सकाळी गोठ्यात भासरे म्हशीला म्हणाले, 'म्हशी, तिले सांग, पैसे माह्याजोळ दे. मी जातो मुंबईले, एजंटाच्या हातात देतो. बाईमानसानं एवढे पैसे घेऊन फिरू नये.'

मी म्हशीला म्हटलं, बरं.

१९ डिसेंबर

भासरे परत आले. तिकीट झालं! माझं नाव छापलंय त्यावर. कितीदा तरी वाचलं. आणि नेमकं आजच ह्यांचं पत्र — आता शिक्क्यासकट! मराठी सही, बाजूला सरकारी सिंह. लिहितात, 'जुनी सही रद्द करून तुझी खरी सही लावायची. खाली सही कर आणि पोस्टानं बँकेला धाड, जायची गरज नाही. मग दोघं इकडूनच खातं चालवू. वहिनीचा त्यात संबंध राहायला नको.'

वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. पुसते! त्या कार्डावरून हिला पुसते! अंगठ्याचा बदला! पत्र घेऊन तडक तिच्या घरी निघाले. सही करण्याआधी तिला तोंडावर सांगायचं होतं — आता बँकेत तुम्ही कोणी नाही, जाऊबाई.

स्वयंपाकघराच्या दारात पोचले. तिची पाठ माझ्याकडे होती. पुढ्यात परात, परातीत कोरडं ज्वारीचं पीठ. भाकरीसाठी पाणी घालायचं होतं अजून. पीठ तिनं हातानं सारखं केलं आणि बोटानं त्यात लिहायला लागली. को. कि. ळा. एक एक अक्षर नीट, शेवटच्या 'र'पर्यंत. जरा मान तिरपी करून बघितलं. मग पाणी ओतलं आणि मळायला घेतलं.

मी म्हटलं, 'हे काय?'

दचकली. मग नाक उडवलं. 'काय म्हंजे? रोज लिहितो मी. नाही त हातातून जाते ते.'

'रोज? पोळ्यानंतर पण?'

'भांडन तुह्याशी हाये. सहीशी काय भांडन?'

'पण कशाला, जाऊबाई?'

'मले दुसरं काय येते लिहाले?' भाकरी थापत म्हणाली. 'अन् कवा काम पडन कोनाले मालूम. रंगरावानं सांगतलं होतं जाता जाता, वयनी, इसरजो नको.' मग हनुवटीनं माझ्या हाताकडे खूण केली. 'ते काय कागद हाये?'

'काही नाही,' म्हटलं. 'ह्यांचं पत्र.'

तिनं भाकर दिली हातावर. गरम. खाल्ली. मीठ कमी होतं, आणि ते मी सांगितलं.

महिला मंडळात पेन कागदाला टेकवून ती का थांबली होती ते आज कळलं. लिहिलं असतं तर माझंच नाव झालं असतं.

२० डिसेंबर

पत्र पेटीत पडून आहे. सही केलेली नाही. उद्या करीन.

६ जानेवारी १९६९

दुपारच्या गाडीनं निघायचं. शिक्क्याचं पत्र सकाळी चुलीत घातलं. ह्यांना तिकडे पोचल्यावर सांगेन. ओरडले तर ओरडोत.

जाताना पाटी घेऊन वच्छलाबाईकडे गेले. म्हटलं, 'बसा. अजून वेळ आहे. तुमचं नाव शिकवते, व-च्छ-ला.' तिनं पाटी माझ्या हातात परत दिली.

'आता नको व. दुसरं शिकली त हात भटकन, अन् तुह्यी सही बिघडन. तू वापस ये. मंग शिकव.'